प्रश्न तुमचे : इंग्रजी बोलायचं, तर तालीम लावा

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता तिशी ओलांडताहेत, तरी टपालातला सूर एकच आहे : वाचता येतं, लिहिता येतं, पण तोंड उघडत नाही. नाटकाच्या अंगाने बोलण्याचा सराव कसा करावा, याबद्दल मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत ठेवली आहेत. ती मोठ्याने म्हणूनच वाचावीत.

प्रश्न : सहावीला इंग्रजी शिकवते. वर्गात 46 मुलं, तास 35 मिनिटांचा. पाठातला संवाद चार मुलांना पुढे बोलावून करून घेतला, तर बाकीची बघत बसतात आणि मागच्या बाकांवर गप्पा सुरू होतात. सगळ्यांना बोलतं कसं करायचं?
— शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, जि. सातारा

चौघांना पुढे बोलावणं बंद करा. त्यात चार मुलं बोलतात आणि 42 प्रेक्षक होतात. प्रेक्षक व्हायला इंग्रजी लागत नाही.

बाक भिंतीला सरकवा. जागा नसेल तर व्हरांड्यात न्या. 23-23 मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करा. फळ्यावर सहा ओळींचा संवाद लिहा. एका ओळीत सहा-सात शब्दांहून जास्त नकोत. उदाहरणार्थ, एसटी स्टँडवर :

अ : डझ धिस बस गो टु कराड?
ब : नो, इट गोज टु पाटण.
अ : व्हेन इज द नेक्स्ट वन?
ब : ॲट टेन थर्टी.
अ : आर यू शुअर?
ब : आस्क द कंडक्टर!

सगळ्यांनी तुमच्यामागून दोनदा म्हणायचं. मग एक रांग अ, दुसरी ब, आणि 23 जोड्या एकदम सुरू. सहा ओळी संपल्या की भूमिका बदलून पुन्हा. दोन मिनिटांनी टाळी वाजवा. अ ची रांग एक जागा उजवीकडे सरकते, टोकाचा मुलगा पळत दुसऱ्या टोकाला येतो, आणि प्रत्येकासमोर नवा जोडीदार उभा राहतो. अशा पाच फेऱ्या करा. भूमिका बदलून एका फेरीत सहा ओळी होतात, म्हणजे बारा-तेरा मिनिटांत प्रत्येक मूल किमान 30 ओळी बोलतं. चौघांच्या पद्धतीत मागच्या बाकावरच्या मुलाला एवढं बोलायला महिना लागेल.

पण तेच वाक्य पाचदा म्हटलं की मुलं पाढे म्हणतात तशी गाऊ लागतात. म्हणून प्रत्येक फेरीत प्रसंग बदलायचा. पहिली फेरी साधी. दुसरीत शेजारी बाळ झोपलंय, म्हणून कुजबुज. तिसरीत दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत, रांगा दहा-दहा पावलं मागे न्यायच्या. चौथीत गाडी सुटायला आली आहे. पाचव्या फेरीआधी फळ्यावरची गावं आणि वेळ पुसून टाका. आता ज्याने त्याने आपलं गाव, आपली वेळ घालायची. या फेरीत काही जण अडखळतील. पाठांतर संपून बोलणं तिथेच सुरू होतं, त्यामुळे घाईत ही फेरी गाळू नका, हवं तर दुसरी गाळा.

अडचणी ठरलेल्या असतात. एक म्हणजे फळ्याकडे बघून वाचणं. त्यावर नियम असा : ओळ बघा, मान वळवा, समोरच्याच्या डोळ्यांत बघा, मगच बोला. वाचता वाचता बोलायचं नाही. ढाक्यात इंग्रजी शिकवणाऱ्या मायकल वेस्ट यांनी ही युक्ती मोठ्या वर्गांसाठीच सुचवली होती, आणि अजून तिच्याइतकी स्वस्त युक्ती सापडलेली नाही. त्या क्षणभरात वाक्य डोक्यात धरून ठेवावं लागतं, म्हणून ते मुलाचं होतं. दुसरी अडचण गोंगाटाची. शेजारच्या वर्गाची तक्रार येणारच. गोंगाट वाढला की कुजबुजीची फेरी आणा, आणि थांबवायला ओरडू नका, हात वर करा. ज्याला दिसेल त्याने हात वर करून गप्प व्हायचं, ही सवय आठवड्याभरात लागते. पट विषम असेल तर तिघांचा एक गट करा आणि तिसऱ्याला प्रॉम्प्टर नेमा. या कामाला सगळ्यात चळवळ्या मुलाला निवडा.

फेऱ्या चालू असताना कोणाचीही चूक सुधारू नका. रांगांमधून फिरा, सगळीकडे ऐकू येणाऱ्या तीन चुका कागदावर टिपा आणि शेवटच्या पाच मिनिटांत नाव न घेता फळ्यावर मांडा. तीनच. सातवी चूक कोणाच्या लक्षात राहत नाही.

प्रश्न : स्नेहसंमेलनात आमच्या मुलांनी 20 मिनिटांचं इंग्रजी नाटक एकही शब्द न चुकता केलं. नंतर पाहुण्यांनी एका मुलाला, 'हू आर यू इन द प्ले?' एवढंच विचारलं, तर तो नुसता हसला. दोन महिन्यांची मेहनत गेली कुठे?
— मुख्याध्यापक, जि. जळगाव

पाठांतरात गेली. त्या मुलाने वाक्यं आवाज म्हणून पाठ केली होती. आधीच्या पात्राचा शेवटचा शब्द कानावर पडला की पुढचं वाक्य बाहेर पडायचं. पाहुण्यांचा प्रश्न त्या साखळीत नव्हता.

पुढच्या वर्षी संहिता शेवटी आणा. सहा आठवडे हातात असतील तर पहिल्या आठवड्यात गोष्ट मराठीत सांगा, पात्रं ठरवा, प्रवेश तीन-चारच ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मुलांनी प्रवेश उत्स्फूर्तपणे उभे करायचे. इंग्रजी मोडकंतोडकं चालेल, 'किंग अँग्री, आय गो होम' सुद्धा चालेल. तुम्ही वही घेऊन बसा आणि मुलांच्या तोंडून येणारी वाक्यं टिपा. ती दुरुस्त करून त्यांतूनच चौथ्या आठवड्यात संहिता लिहा. स्वतःचंच वाक्य नीट होऊन परत आलं, की ते पाठ करावं लागत नाही. आणि नाटक 20 मिनिटांचं कशाला? आठ मिनिटं पुरे. उरलेला वेळ तालमीला द्या.

पाचव्या आठवड्यात दोन गोष्टी करा. पहिली, तालमीत एका पात्राने मुद्दाम वेगळं वाक्य टाकायचं. दुकानदाराने 'टेन रुपीज' ऐवजी 'वी आर क्लोज्ड' म्हटलं, तर गिऱ्हाइकाने काय करायचं? निभावून न्यायचं आणि प्रवेश मूळ रस्त्यावर आणायचा. दुसरी गोष्ट खुर्चीची. पात्र वेशभूषेसह खुर्चीत बसतं आणि वर्ग त्याला प्रश्न विचारतो : 'व्हाय डिड यू स्टील द मँगो?', 'व्हेअर डू यू लिव्ह?', 'आर यू सॉरी?' प्रत्येक पात्राने पाच प्रश्नांना भूमिकेत राहून उत्तर द्यायचं. झाड झालेल्या मुलालाही खुर्चीत बसवा. 'आय सॉ एव्हरीथिंग' असं झाडाने म्हटलं की वर्ग बघा कसा प्रश्न विचारतो. फळ्यावर प्रश्नांची सुरुवात लिहून ठेवा, नाहीतर सगळे 'व्हॉट इज युअर नेम?' वरच अडकतात.

मुख्य भूमिकांना दोन संच ठेवा, बोलणारी मुलं दुप्पट होतात. आणि संवाद आधी ध्वनिमुद्रित करून रंगमंचावर नुसते ओठ हलवायची जी पद्धत संमेलनांत बोकाळली आहे, ती कृपा करून इथे तरी आणू नका. माइक कमी पडतात म्हणून ती येते. प्रेक्षकांच्या जवळ, पहिल्या ओळीसमोर मोकळ्या जागेत प्रयोग करा, माइकची गरजच पडणार नाही.

प्रश्न : मुलं 'व्हॉट यू आर डूइंग?', 'व्हेअर यू आर गोइंग?' असंच विचारतात. नियम शंभरदा सांगून झाला.
— शिक्षक, खाजगी शिकवणी, नाशिक

नियम त्यांना माहीत आहे. मराठीत 'तू काय करतोयस?' मध्ये प्रश्न आला म्हणून कर्ता-क्रियापदाची अदलाबदल होत नाही, ती सवय इंग्रजीत उतरते. इथे नियम नव्हे, जीभ वळवायची आहे, आणि त्यासाठी एक जुना नाट्यखेळ आहे.

आठ-आठ जणांची वर्तुळं करा. पहिला मुलगा एखादी कृती मूकाभिनयाने करतो, समजा दात घासतो. शेजारची मुलगी विचारते, 'व्हॉट आर यू डूइंग?' त्याने खरं उत्तर द्यायचं नाही. तो म्हणतो, 'आयम मिल्किंग अ बफेलो.' आता तिने म्हैस पिळायला लागायचं. तिचा शेजारी विचारतो, 'व्हॉट आर यू डूइंग?' ती म्हैस पिळतच सांगते, 'आयम फ्लाइंग अ प्लेन.' असं वर्तुळ फिरत राहतं. तीन फेऱ्यांत प्रत्येक जण तीनदा विचारतो आणि एकवीसदा ऐकतो. लक्ष सगळं विमानाकडे आणि म्हशीकडे असतं, त्यामुळे प्रश्नाची रचना नकळत बसते. जो उलटा प्रश्न विचारेल त्याला बाद करू नका. शेजाऱ्याने फक्त कानाला हात लावायचा, 'ऐकू आलं नाही' असा, आणि त्याने पुन्हा विचारायचं. पुढच्या आठवड्यात हाच खेळ 'व्हेअर आर यू गोइंग?' वर, मग 'व्हॉट डिड यू डू?' वर न्या. दोन रचना एकाच दिवशी घेतल्या तर दोन्ही बिघडतात.

शिक्षकानेही पात्र व्हावं. कमी ऐकू येणारी आजी हे पात्र यासाठी सोन्यासारखं आहे. मूल म्हणालं, 'ही गो मार्केट', की आजी कपाळाला आठ्या घालून विचारते, 'एह? ही वेंट टु द मार्केट?' मूल म्हणतं, 'येस, ही वेंट टु द मार्केट.' सुधारणा झाली, आणि नाटकही थांबलं नाही. शिक्षकाने भूमिकेत शिरून शिकवण्याची ही वाट इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट यांनी रुळवली. ती इंग्रजी भाषा शिकवण्यासाठी नव्हती, पण आपल्याला फार उपयोगी पडते.

प्रश्न : माझ्या विद्यार्थ्यांचं इंग्रजी अचूक असतं पण सपाट. प्रत्येक शब्द सारख्याच वजनाने येतो. नाटकाने यात फरक पडेल का?
— प्राध्यापिका, कनिष्ठ महाविद्यालय, कोल्हापूर

व्याकरणापेक्षा इथेच जास्त पडेल. मराठीत बहुतेक अक्षरांना जवळजवळ सारखा वेळ मिळतो. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दांवर ठोका पडतो आणि मधले शब्द आक्रसतात. हे ठोक्यांवरच शिकवा. बाकावर तीन सारख्या अंतराचे ठोके द्या आणि म्हणा : 'गर्ल्स ड्रिंक मिल्क.' मग, 'द गर्ल्स ड्रिंक द मिल्क.' मग, 'द गर्ल्स आर ड्रिंकिंग द मिल्क.' शेवटी, 'द गर्ल्स हॅव बिन ड्रिंकिंग द मिल्क.' शब्द तीनाचे सात झाले, ठोके तीनच. 'हॅव बिन' ला जागाच उरत नाही, ते दोन ठोक्यांच्या मध्ये कोंबावं लागतं. ठोका लांबवून सोय करून घेतली की सराव फुकट गेला, म्हणून ठोके देणारा मुलगा वेगळा आणि निर्दयी असावा. न्यूयॉर्कच्या कॅरोलिन ग्रॅहम यांनी जॅझच्या तालावर अशी म्हणण्याची वाक्यं रचून ही पद्धत लोकप्रिय केली. आपल्याकडे लेझीम खेळलेल्या मुलांना ठोका धरायला शिकवावं लागत नाही.

त्यापुढचा सराव दोघांचा. एकच वाक्य घ्या : 'आय डिडन्ट टेक युअर पेन.' वजन कुठे पडतं त्यावर समोरच्याचं उत्तर बदलतं. वजन 'आय' वर असेल तर मी नाही घेतलं, दुसऱ्याने घेतलं. उत्तर येईल, 'देन हू डिड?' 'टेक' वर असेल तर, 'सो यू बॉरोड इट?' 'युअर' वर असेल तर, 'हूज पेन इज इट, देन?' 'पेन' वर असेल तर, 'ओके, व्हॉट डिड यू टेक?' बोलणाऱ्याने चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठीवरच्या शब्दावर वजन द्यायचं. समोरच्याला चिठ्ठी दिसत नाही, त्याने कानावर विसंबून योग्य उत्तर द्यायचं. चुकीचं उत्तर आलं तर दोष ऐकणाऱ्याचा की बोलणाऱ्याचा, यावर वर्गाने निकाल द्यावा. भांडणं होतात, होऊ द्या.

एकच सावधगिरी. आपल्याकडे 'नाटक' म्हटलं की पल्लेदार संवादफेक आठवते आणि मुलं प्रत्येक वाक्य टाळीसाठी फेकू लागतात. इंग्रजी संभाषणाला ते मारक आहे. प्रसंग घरगुती ठेवा, किल्ली हरवली, दूध नासलं असे. राजे-महाराजे नकोत.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलाखतीत घसा कोरडा पडतो. वसतिगृहात सरावाला इंग्रजी बोलणारं कोणी नाही. एकट्याने काय करता येईल?
— विद्यार्थी, नांदेड

नाट्यछटा. शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे 'दिवाकर' (1889–1931), यांनी हा प्रकार मराठीत आणला, आणि त्यामागे रॉबर्ट ब्राउनिंगच्या नाट्यात्म स्वगतांची प्रेरणा होती. बोलणारा एकच, पण समोर कोणीतरी आहे, आणि तो काय म्हणाला हे एकट्याच्या बोलण्यावरून आपल्याला कळतं. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला हा प्रकार सरावासाठी पुन्हा इंग्रजीत न्या.

रिकामी खुर्ची समोर ठेवा. खुर्चीत कोण आहे ते ठरवा : पैसे परत न देणारा दुकानदार, खोली बदलून न देणारे रेक्टर, आणि मग मुलाखत घेणारा. कागदावर वाक्यं लिहू नका, पाच शब्द लिहा. फोनवर ध्वनिमुद्रण चालू करून 90 सेकंद बोला. मधे तीनदा थांबून समोरच्याचं 'ऐका', आणि त्याने काहीतरी अडचणीचं म्हटलं असं धरून उत्तर द्या. हे थांबे गाळले तर ते भाषण होतं, आणि भाषण तुम्हाला आधीच येत असणार. ध्वनिमुद्रण तीनदा ऐका : एकदा कुठे अडलो त्यासाठी, एकदा वाक्यांचे शेवट गिळले का त्यासाठी, एकदा वजन कुठे पडलं त्यासाठी. एकाच वेळी सगळं तपासायला गेलात तर फक्त स्वतःच्या आवाजाची लाज वाटते.

दुसरा सराव घड्याळाचा. 'टेल मी अबाउट युअर प्रोजेक्ट' हा विषय चार मिनिटं सांगा, लगेच तोच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. काय सांगायचं हे शोधायचं काम पहिल्या वेळेला उरकतं, त्यामुळे तिसऱ्या वेळी सगळी शक्ती बोलण्याला मिळते. खोलीत दोन मित्र असतील, त्यांचं इंग्रजी तुमच्याइतकंच कच्चं असलं तरी त्यांना समिती करा. एकाने मधेच तोडायचं, दुसऱ्याने जांभया द्यायच्या आणि फोन बघायचा. घसा कोरडा पडतो तो प्रश्नांमुळे कमी, समोरच्याच्या चेहऱ्यामुळे जास्त. त्या चेहऱ्याची सवय करून घ्या.

प्रश्न : नऊ वर्षांची मुलगी फार बुजरी आहे, थोडी अडखळतेही. तिला जबरदस्तीने इंग्रजी नाटकात घालावं का?
— पालक, डोंबिवली

नको. पडद्यामागून सुरू करा : हातमोज्याची बाहुली, किंवा चादरीमागे बसून आकाशवाणीची श्रुतिका. चेहरा लपला की आवाज मोकळा होतो. समूहाने एकसुरात म्हणताना किंवा भूमिकेत असताना अडखळणाऱ्या बऱ्याच मुलांचं बोलणं सुरळीत होतं, पण तो उपचार नव्हे. अडखळणं टिकून असेल तर वाचाउपचार तज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : तोंडी परीक्षेला गुण कसे द्यावेत? अभिनयाचे किती?
— शिक्षक, जि. रत्नागिरी

अभिनयाचे शून्य. 20 गुण असतील तर चार वाटण्या करा : मागच्या बाकापर्यंत ऐकू येणं, समोरच्याला समर्पक उत्तर देणं, न थांबता बोलणं, अचूकपणा, प्रत्येकी पाच. प्रसंगाची चिठ्ठी तिथेच उचलायला लावा, दोन मिनिटं तयारी, दोन मिनिटं प्रवेश. एक जोडी बोलते तेव्हा पुढची तयारी करते, म्हणजे 40 मुलांचा वर्ग दोन तासिकांत उरकतो. गुण मिळवण्याच्या नादात एक जण सगळं बोलून टाकतो आणि दुसरा मान डोलावतो, असं झालं तर 'समर्पक उत्तर' चे गुण बोलक्याचेच कापा.

प्रश्न : आम्ही सहा जणी, सगळ्या साठीपुढच्या. मुलांकडे अमेरिकेला जायचं असतं, पण विमानतळाची धास्ती वाटते. आमच्या भिशीत असं काही करता येईल?
— वाचक, पुणे

उत्तम करता येईल. एका टेबलामागे अधिकारी, बाकीच्या रांगेत, हातात खरा पासपोर्ट. अधिकाऱ्याचे प्रश्न ठरलेले आहेत : 'व्हॉट इज द पर्पज ऑफ युअर व्हिजिट?', 'हाउ लाँग विल यू स्टे?', 'व्हेअर विल यू बी स्टेइंग?', 'आर यू कॅरिंग एनी फूड?' उत्तरं पाठ करू नका. अधिकाऱ्याने दर वेळी क्रम बदलावा आणि मुद्दाम भरभर, तोंडातल्या तोंडात बोलावं. समजलं नाही तर मान डोलावून 'येस' म्हणायची सवय सगळ्यात आधी मोडा. तिथे म्हणायचं वाक्य, 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन, स्लोली?' जी न समजता 'येस' म्हणेल तिने रांगेत पुन्हा शेवटी जायचं.

दर फेरीला प्रत्येकीला एक गुप्त चिठ्ठी द्या : एकीची बॅग आलेली नाही, एकीला मुलाचा पत्ता आठवत नाही, एकीच्या पिशवीत लाडू आणि लोणचं आहे. अधिकाऱ्याला चिठ्ठीतलं माहीत नसतं, त्यामुळे खरोखर विचारावं आणि सांगावं लागतं. लाडूवालीने लपवालपवी करायची नाही. 'येस, आय हॅव सम होममेड स्वीट्स अँड पिकल,' असं सरळ सांगायचं. खाद्यपदार्थ जाहीर करणं तिथे बंधनकारकच आहे. 'होममेड' आणि 'पिकल' हे दोन शब्द सगळ्यांना एका दमात आले, की पुढच्या भिशीला टेबल औषधाच्या दुकानाचं करा.